ओला दुष्काळ



सुपात शब्द घ्यायचे आणि पाखडत बसायचं, हे आपलं या सदरातलं नेहमीचं काम. या खेपेला सूप मी भरलेलं नाही. लातूरकडच्या एका ताईंनी पत्र धाडून ते आधीच भरून दिलं आहे. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

ताईंची लेक शाळेत शिकते. मराठीच्या चाचणीत प्रश्न आला, विरोधाभास अलंकार म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण लिहा. पोरीनं व्याख्या बरोबर लिहिली आणि उदाहरण दिलं, 'ओला दुष्काळ'. गुरुजींनी त्याच्यावर लाल रेघ ओढली. दोनातला एक गुण गेला. पोर घरी येऊन आईला म्हणाली, "आपल्या रानात तर झालाय की तो. मग चूक कसा?"

2025 सालच्या सप्टेंबरात ताईंचं तीन एकर सोयाबीन पाण्यात उभं होतं. पंचनाम्याच्या वेळी दारात आलेल्या माणसाला ताईंचे सासरे म्हणाले, "लिहा, ओला दुष्काळ." तो म्हणाला, "आबा, असा रकाना नाही हो." आता ताई विचारतात की भाऊ, कचेरीतही नाही आणि वहीतही नाही, तर हा शब्द आहे तरी कुठं? माझी पोर चुकली का?

ताई, उत्तर देतो, पण जरा वळसा घालून. बांधाबांधानं जाऊ.

आधी नाव बघा. विरोध अधिक आभास, विरोधाभास. कानावर पडताच दोन शब्द एकमेकांच्या उरावर बसल्यासारखे वाटतात. घटकाभर विचार केला की भांडण मिटतं आणि दोघं मिळून एक नवीच गोष्ट सांगतात. भांडण मिटलंच नाही तर तो नुसता विरोध, म्हणजे चुकीचं बोलणं. 'माझा बैल म्हैस आहे' हा काही अलंकार नाही. पण गावात कुणाबद्दल 'त्याचं उघड गुपित आहे' असं म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं. गुपित आहे म्हणून कुणी बोलत नाही, उघड आहे म्हणून कुणाला माहीत नाही असं नाही. एवढी सगळी भानगड दोन शब्दांत सांगून झाली.

हा अलंकार जुना आहे, पण सगळ्यांत जुना नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार मोजले आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे भामह आणि दंडी यांनी 'विरोध' या नावानं याला पंगतीत घेतलं. काश्मीरच्या मम्मटानं अकराव्या शतकात आपल्या काव्यप्रकाशातही तेच नाव ठेवलं. आज शाळेत शिकवतात ते 'विरोधाभास' हे नाव अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात आढळतं. मला विचाराल तर हे नाव जास्त नेमकं. विरोध नाही, आभास आहे, हे त्यातच सांगून टाकलंय.

ग्रीक लोकांकडे याच कुळातली, पण दोनच शब्दांत मावणारी एक जात होती. इंग्रजीत आज तिला ऑक्सिमोरॉन म्हणतात. नाव ऐकून दबकू नका. ऑक्सिस म्हणजे धारदार आणि मोरोस म्हणजे बोथट, मठ्ठ. धारदार बोथट! ज्या अलंकाराचं नाव, त्याचंच ते उदाहरण. विळ्याचंच नाव विळ्यानं कोरावं तसं.

आता गंमत बघा. धारदार बुद्धीचा आणि तरी मठ्ठ, असा माणूस आपल्याकडे नाही का? समर्थ रामदासांनी दासबोधात दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवटचा, दहावा समास लिहिला तो पढतमूर्खाच्या लक्षणांवर. पढत आणि मूर्ख, दोन्ही एकाच अंगरख्यात. साध्या मूर्खाला एक समास, आणि शिकून मूर्ख राहिलेल्याला वेगळा. ग्रीकांचा शब्द आणि समर्थांचा शब्द एकमेकांना कधी भेटले नसतील, पण शेजारी बसवले तर जुळे भाऊ वाटतील. आपल्या बोलीत त्याच्याच ओळीत दीडशहाणा बसतो. एक शहाणपण पुरे होतं. अर्धं जास्त झालं आणि सगळंच नासलं. दुधात मीठ पडावं तसं.

संतांनी तर हे शस्त्र फार वापरलं. मुक्ताबाईंच्या नावावरचा मुंगीचा अभंग आणि ज्ञानदेवांच्या नावावरचा काट्याच्या टोकावरच्या गावांचा अभंग तुम्ही भजनात ऐकले असतील. पहिल्यांदा ऐकणारं पोर हसतं, 'असं कुठं असतं का' म्हणतं. म्हातारं माणूस टाळ धरून डोळे मिटतं. जे डोळ्याला दिसत नाही ते सांगायचं तर डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींची उलथापालथ करावी लागते, म्हणून संत तसं बोलले. त्यांच्या त्या कूट अभंगांवर लिहायचं तर माझा अधिकार तोकडा आहे. तेव्हा त्या देवळाच्या पायरीला हात लावून पुढं जातो, कारण आपल्याला जायचंय स्वयंपाकघरात.

सातारा, सोलापूरकडच्या आयाबायांना विचारा, भाकरीबरोबर काय केलंय? त्या म्हणतील, "कोरड्यास केलंय मुगाचं." ताटलीत बघावं तर रस्सा! पातळ, वाफाळता, बोट बुडेल असा. मग त्याला कोरड्यास का म्हणायचं? तर भाकरी कोरडी, ती घशाखाली उतरत नाही. त्या कोरड्याला लावून खायचं ते कोरड्यास. वस्तू ओली, नाव कोरडं. रोज दोन वेळा हे आपण बोलतो आणि कुणाच्या मनात येत नाही की आपण अलंकार वाढतोय.

तसाच 'सख्खा चुलत भाऊ'. परप्रांतातल्या एखाद्या माणसाला हे समजावून बघा. सख्खा म्हणजे एका आईबापाचा, चुलत म्हणजे चुलत्याचा. मग सख्खा चुलत कसा? आपल्याला मात्र हिशेब पक्का ठाऊक असतो. बापाच्या सख्ख्या भावाचा मुलगा तो सख्खा चुलत, आणि त्याच्या पलीकडचे ते नुसते भाऊबंद. दोन शब्दांत दोन पिढ्या मोजून झाल्या. सात-बाऱ्यावर नावं लावायची वेळ आली की या दोन शब्दांचं वजन कळतं. तिथं एखाद्या घरात 'सख्खा' गळून पडतो आणि 'चुलत' तेवढा उरतो, ती गोष्ट वेगळी.

उपासाचं मी बोलत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे म्हणणाऱ्यांनी म्हणून ठेवलंच आहे.

पण सावध. उलट दिसणारं सगळंच या सुपात घ्यायचं नाही. रात्रंदिवस, सुखदुःख, देणंघेणं ही नुसती जोडपी. शेजारी बसली आहेत, पण एकमेकांवर चढलेली नाहीत. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' यात नावाचं आणि हाताचं जुळत नाही, म्हणून तो टोमणा. विरोध शब्दात नाही, सोनुबाईच्या नशिबात आहे. आणि काही शब्द तर आपल्याला निव्वळ चकवतात. 'कोरडवाहू' घ्या. कोरडं आणि वाहणारं? पाणी नाही तर वाहतं काय? पण तिथलं वाहणं पाण्याचं नव्हे. जमीन वाहणं म्हणजे कसणं, नांगरणं. वहिती जमीन म्हणतो ती त्यातलीच. पावसावर विसंबून कसायची ती कोरडवाहू. शब्दाचं मूळ उकरलं की विरोध पार नाहीसा होतो, आभाससुद्धा राहत नाही.

आणखी एक प्रकार सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तो विरोधाभास नव्हे, त्याची मावसबहीण म्हणा. माझी आजी बांगडी फुटली असं कधी म्हणाली नाही. 'बांगडी वाढली' म्हणायची. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर 'वाढला'. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बाजारातला वाणी रात्री फळी लावताना 'दुकान वाढवलं' म्हणतो. आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून कुणी जातो म्हणालंच तर घरातली म्हातारी लगेच दुरुस्त करते, "येतो म्हणावं!" तुटणं, फुटणं, संपणं, जाणं या शब्दांची घराला भीती. म्हणून नेमका उलटा शब्द पुढं करायचा. माझा थोरला भाऊ फौजेत होता. सुटी संपवून निघताना तो दर वेळी 'येतो' म्हणायचा आणि आई चुलीकडे तोंड करून 'ये' म्हणायची. जाणाऱ्याला 'ये' म्हणायचं! मी लहान होतो, मला ते चमत्कारिक वाटायचं. आता माझा मुलगा पुण्याला कामाला निघतो तेव्हा मीही तेच म्हणतो.

असो. आता ताईंच्या रानात येऊ.

दुष्काळ. हा शब्द फोडा. दुः म्हणजे वाईट, काळ म्हणजे काळ. वाईट काळ तो दुष्काळ, चांगला काळ तो सुकाळ. बघा, या शब्दात पाणी कुठं आहे? कोरडेपणा कुठं आहे? कुठंच नाही! पाऊस न पडण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, अवर्षण. 'ओलं अवर्षण' असं कुणी म्हणालं तर गुरुजींनी खुशाल लाल रेघ ओढावी. पण दुष्काळ ओलाही असू शकतो, कोरडाही. आपल्या मुलखात वाईट काळ पिढ्यान् पिढ्या पाऊस दडी मारूनच आला, म्हणून दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीनच डोळ्यांपुढं येते. 1972 चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना विचारा. खडी फोडायची कामं, सुकडी, आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी. दुष्काळ आणि कोरड यांची गाठ आपल्या मनात तेव्हा पक्की बसली. ती शब्दकोशानं नाही मारली, अनुभवानं मारली.

म्हणून 'ओला दुष्काळ' हा शब्द कानाला टोचतो. ओला म्हटलं की आपल्याला ओलावा, पेर, हिरवं रान आठवतं. पुढे दुष्काळ आला की मन अडखळतं. मग कळतं की ओलीनंच घात केलाय. पहिल्यांदा विरोध, मग उलगडा. ताई, विरोधाभासाची जी व्याख्या तुमच्या लेकीनं वहीत लिहिली असेल, ती इथं पायरी पायरीनं लागू पडते.

आता कचेरीचं. कचेरीतल्या माणसावर रागावू नका, त्याच्या हातात छापील कागद असतो. दुष्काळ ठरवायची जी नियमावली केंद्राच्या कृषी खात्यानं 2016 साली काढली, ती मूळ इंग्रजीत आहे. तिथं दुष्काळाला जो शब्द आहे, ड्रॉट, तो इंग्रजीतल्या 'ड्राय' म्हणजे कोरडा या शब्दाच्याच कुळातला. कोरडेपणा त्या शब्दाच्या हाडातच आहे. मग त्या नियमावलीत मोजमापं कसली येणार? पाऊस किती कमी पडला, जमिनीतली ओल किती घटली, पिकाची हिरवळ किती उतरली, धरणात आणि जमिनीखाली पाणी किती उरलं. सगळी कमीची मापं. जास्तीला माप नाही. आपला दुष्काळ दोन्ही अंगांनी वाईट असू शकतो, त्यांचा ड्रॉट एकाच अंगानं. भाषांतरात मधला बांध असा कुणाच्या लक्षात न येता सरकला.

जास्तीच्या पावसाला सरकारी शब्द वेगळा, अतिवृष्टी. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. आणि पिकाचं नुकसान 33 टक्क्यांच्या वर असलं तर मदत. ही अट 2015 च्या आधी 50 टक्क्यांची होती. आता शेतकऱ्याला ठाऊक आहे की पाऊस नेहमी एका दिवसात मारत नाही. रोज थोडा थोडा, पंधरा पंधरा दिवस रिपरिप लावतो, वाफसा येऊ देत नाही, मुळ्या कुजवतो. त्यातल्या एकाही दिवशी काटा 65 वर जात नाही. मग ते नुकसान कशात बसवायचं? शब्दच नव्हता. एप्रिल 2023 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती ठरवली, तेव्हा कुठं त्या नुकसानीला नाव मिळालं. दोन साधे मराठी शब्द. पण कागदावर आल्याशिवाय त्यांच्या नावानं एक रुपया हलत नव्हता. शब्दाचा कीस काढत बसतो म्हणून मला हसणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं.

2025 सालच्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. सीनेचं पाणी गावांत शिरलं. रानंच्या रानं खरवडून गेली, पिकाबरोबर मातीही गेली. गावोगाव एकच मागणी होती, ओला दुष्काळ जाहीर करा. सरकारचं उत्तर आलं की नियमावलीत ओला दुष्काळ अशी संज्ञा नाही, पण दुष्काळात ज्या सवलती देतो त्या सगळ्या देऊ. ऑक्टोबरच्या 7 तारखेला 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्यातलं कुणाला किती पोचलं, कुणाला कधी, ते ज्याचं त्याला माहीत. मी इथं फक्त शब्दाकडे बघतो. दुष्काळ म्हणणार नाही, पण दुष्काळाचं सगळं देऊ! हाही एक विरोधाभासच झाला की नाही? गुरुजींनी याला किती गुण दिले असते कोण जाणे.

आणि लातूर! 2016 च्या एप्रिलात याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घागरी घेऊन रांगेत उभं राहायचे दिवस होते ते. नऊच वर्षांत त्याच जिल्ह्यात पिकं पाण्यात बुडाली. ज्यांनी दोन्ही बघितलं त्यांच्या तोंडी 'ओला दुष्काळ' हा शब्द यावा यात नवल काय? तो कुण्या कवीनं चटई टाकून, पानाला चुना लावत बसून केलेला शब्द नाही. चिखलात उभं राहून कुणीतरी म्हणालं असेल, दुसऱ्यानं मान हलवली असेल, आणि शब्द झाला.

ताईंच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. पाणी ओसरल्यावर त्या आणि लेक रानात गेल्या. झाडं उभी होती, शेंगा तशाच होत्या, पण शेंगांतल्या दाण्यांना तिथल्या तिथं कोंब फुटले होते. ताई लिहितात, "जून महिन्यात कोंब दिसला की आम्ही हात जोडतो. ह्या वेळी कोंब बघून माझी सासू मटकन खाली बसली."

ताई, तुमची लेक चुकलेली नाही. गुरुजींची बाजूही सांगतो, म्हणजे तुम्ही तावातावानं शाळेत जाणार नाही. अलंकाराच्या प्रश्नाला कवितेची ओळ लिहायची अशी शाळेची रीत आहे. पुस्तकात उदाहरणं तशीच असतात आणि गुरुजींनी वह्यांचा गठ्ठा एका रात्रीत तपासलेला असतो. नुसते दोन शब्द बघून त्यांना ते अपुरं वाटलं असेल. म्हणून लेकीला म्हणावं, पुढच्या खेपेला उदाहरणाखाली दोन ओळी जोड. पहिलीत लिही की ओल आणि दुष्काळ यांचं कसं पटत नाही. दुसरीत लिही की पाऊस जास्त झाल्यानं पीक गेलं, म्हणजे वाईट काळ ओलीमुळे आला, आणि विरोध असा मिटला. एवढं लिहिल्यावर कुठल्याही गुरुजींना गुण कापता येणार नाही. आणि हा अंक शाळेत न्यायचा असेल तर खुशाल न्यावा, पण आधी गुरुजींना नमस्कार करावा.

सासऱ्यांना माझा रामराम सांगा. त्यांनी सांगितलेला शब्द बरोबर होता.

बाकीच्या मंडळींना एक काम देतो. कोरड्यासासारखे, सख्ख्या चुलतासारखे शब्द तुमच्याकडे असतीलच. कोकणातले, खानदेशातले, वऱ्हाडातले निराळे असतील. आठवतील तसे पोस्टकार्डावर लिहून धाडा, सोबत तो शब्द घरात कोण वापरतं तेही लिहा. कार्ड न मिळालं तर वहीचा कागद चालेल.